दोरीच्या आतला हेजहॉग

३ फेब्रुवारी

आजपासून माझा वाफा माझा राहिला नाही. तो 'आपला' झाला. खाणकामगारांच्या जुन्या क्लबच्या मागच्या खोलीत सभा झाली, चहा पाणचट होता, आणि ज्यांनी आयुष्यात कधी फावड्याला हात लावला नाही अशांनी हात वर करून ठराव मंजूर केला. खाणीच्या काळापासून चालत आलेले गावचे वाफे एकत्र करून त्यांचा आता 'रानजीवस्नेही सामाईक भाजीमळा' होणार. निम्मे वाफे ओसाड पडले होते हे खरं आहे. पण ओसाड वाफ्याला निदान अध्यक्ष तरी नसतो.

अध्यक्ष रोझलिंड. निवृत्त होऊन देशाच्या दक्षिणेकडून इथे उत्तरेत राहायला आलेली बाई. फार गोड बोलते. आपण तिच्या कशाकशाला 'हो' म्हटलं ते माणसाला घरी गेल्यावर कळतं. तिने नियमांचं पत्रक वाटलं. औषध मारायचं नाही. नव्याने खणायचं नाही. गोगलगायी मारायच्या गोळ्या टाकायच्या नाहीत. प्रत्येक कुंपणाला खाली भोक ठेवायचं, हेजहॉगला, म्हणजे गोगलगायी खाणाऱ्या छोट्या काटेरी प्राण्याला, येण्याजाण्यासाठी. एक कोपरा रानगवताला राखीव. गोगलगायींना मारायचं नाही, उचलून 'दुसरीकडे' ठेवायचं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते पत्रकात नाही. मी मनातल्या मनात शेजारच्या कथबर्टचा वाफा नक्की केला.

शेवटचे दोन नियम मात्र खास. पहिला: मळ्यात जे पिकेल ते सगळ्यांचं, ज्याला हवं त्याने लागेल तेवढं काढून घ्यावं. दुसरा: रानजीव जिथे घर करेल तिथे दोरी बांधायची, आणि ज्याने दोरी बांधली त्याने 'प्राणी गेला' असं सांगेपर्यंत आत कोणीही पाऊल टाकायचं नाही. दुसरा नियम ऐकून मला हसू आलं. पहिला ऐकून नाही.

कारण माझी लीक. लीक म्हणजे सूपमध्ये चिरून टाकायचा लांबट कांदा, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना फक्त टाळतो. आमच्याकडची प्रदर्शनाची लीक मांडीएवढी जाड होते. माझा वाण वडिलांचा. दर वर्षी एक लीक फुलावर येऊ द्यायची, त्या बोंडावर गवतासारखी कोवळी रोपं फुटतात, ती काढून पुढच्या वर्षी लावायची. असं करत वडिलांच्या हातची लीक मी आजवर जिवंत ठेवली आहे.

सप्टेंबरात क्लबमध्ये प्रदर्शन असतं आणि यंदाचं शेवटचं, कारण क्लबची इमारत विकली जाणार. पहिल्या नंबराला चांदीचं पाणी दिलेली थाळी. तिच्या काठावर जिंकणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. एकदा जोसेफ गॉलंड, म्हणजे माझे वडील. मग कथबर्ट थर्लवेल, कथबर्ट थर्लवेल, मधे एक वारलेले गृहस्थ, पुन्हा कथबर्ट थर्लवेल. एडविन गॉलंड कुठेच नाही. एडविन गॉलंड दर वर्षी दुसरा येतो आणि दुसऱ्याला उशांचे अभ्रे देतात. आमच्या घरात अभ्र्यांना तोटा नाही.

थाळीवर आता एकाच नावाची जागा शिल्लक आहे.

२२ एप्रिल

लीक चरात लावली. जुना चर वडिलांनी खणलेला, म्हणून 'खणू नये' हा नियम मोडावा लागला नाही. वरून जाळी, बाजूने फळ्या, मुळाशी गवताचं आच्छादन. देखणी दिसताहेत.

कथबर्टची मजा झाली. त्याच्या शेडच्या दाराच्या वरच एका पक्षिणीने घरटं केलं. रोझलिंडने लगेच दारासमोर दोरी बांधली. आता कथबर्टचं फावडं, झारी, खुर्ची सगळं आत, आणि कथबर्ट बाहेर.

"खिडकीतून जा की," मी म्हटलं.

"गेलो होतो," तो म्हणाला. "अडकलो. शेवटी तुझ्या हेटीने पाय ओढून बाहेर काढलं. तिने सांगितलं नाही तुला?"

नाही सांगितलं. पण त्या दिवशी जेवताना माझी बायको उगाचच हसत होती, ते आता कळलं.

"दोरी सोड आणि जा आत. कोण बघतंय?"

"सोडली असती रे गड्या. पण ती बया अंड्यांवर बसल्या बसल्या माझ्याकडे अशी बघते, आपलीच लाज वाटते," कथबर्ट म्हणाला. माणूस म्हातारा झालाय, एवढंच म्हणतो.

१९ जून

आज गुरुवार. गुरुवारी मळ्यातल्या भाजीचं सामाईक सूप असतं. मी सहसा जात नाही, पण हेटीने स्टॉटी भाजल्या होत्या, त्या पोचवायला गेलो. स्टॉटी म्हणजे पोटभरीची भाकरी, सूपवाल्यांना तीच खरी लागते.

रोझलिंडने माझ्या हातात वाटी दिली. म्हणाली, "एडविन, तुझे आभार मानायचे होते. आजचं सूप तुझ्यामुळे झालं."

मी वाटीत बघितलं. वाटीत लीक होती.

"कुठली?" मी विचारलं.

"तुझ्या चरातली. टोकाची. किती गोड आहे! लहानपणीच काढली तर कोवळी असते ना?"

मी म्हटलं, हो, लहानपणीच काढली तर सगळंच कोवळं असतं. मग एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि घरी आलो. हेटी म्हणाली, चेहरा असा का झालाय, कोणी गेलं का? मी म्हटलं, हो. चव कशी होती ते सांगायची मला इच्छा नाही. चांगली होती.

२१ जून

दोन रात्री विचार केला. भांडून उपयोग नाही, नियम तिच्या बाजूने आहे. जे पिकेल ते सगळ्यांचं. दर गुरुवारी एक लीक गेली तर सप्टेंबरात मी क्लबमध्ये वाटी घेऊन उभा राहीन.

पण नियम दोन आहेत, आणि दुसरा माझ्या बाजूने वळवता येतो.

आज सकाळी सगळे वाटाणे तोडत असताना मी हलक्या पावलांनी आलो, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हेजहॉग. माझ्या चरात. गवताच्या खाली. मादी असावी."

रोझलिंडच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. म्हणाली, गावात कित्येक वर्षांत कोणी हेजहॉग पाहिलेला नाही. मी म्हटलं, मलाही विश्वास बसेना. हे तर अगदी खरं होतं.

मी स्वतःच्या हाताने चराभोवती दोरी बांधली. आता आत कोणी पाऊल टाकणार नाही. मीच बांधली, तेव्हा सोडणारही मीच. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १२ सप्टेंबरला सकाळी, हेजहॉग सहकुटुंब दुसरीकडे राहायला जाईल असा माझा अंदाज आहे.

३० जून

एका गोष्टीचा विचार केला नव्हता. 'कोणीही' यात मीही येतो.

लीकला खत हवं, पाणी हवं, पानं पुसायला हवीत. दिवसभर रोझलिंड तिथे. मग पहाटे उठून रांगत आत जायचं, कारण उभं राहिलो की जाळीवरून डोकं दिसतं. या वयात गुडघे काय बोलतात ते मलाच ठाऊक. झारी ओढत न्यायची, बिअर खिशातून. बिअर लीकसाठी, जुन्या लोकांचं खत. बहुतेक.

शिवाय पुरावा लागतो. रोझलिंडने विचारलं, लेंड्या दिसल्या का? त्यामुळे मला वाळलेल्या आलुबुखाऱ्यांच्या लेंड्या वळून दोरीपाशी टाकाव्या लागल्या. वडिलांनी हे पाहिलं असतं तर वाण दुसऱ्या कोणाला दिला असता.

मांजरांच्या खाण्याचा डबाही आणला. हेजहॉगला दूध द्यायचं नसतं, मांजराचं खाणं चालतं, असं पत्रकात आहे. हेटीने पिशवीतून डबा काढला, उलटासुलटा करून पाहिला.

"एडविन, आपल्याकडे मांजर नाही."

"मळ्यातल्या हेजहॉगसाठी."

"अच्छा," ती म्हणाली. "तो खरंच आहे होय?"

मी म्हटलं, अर्थात. तिने डबा नीट फळीवर ठेवला. माझ्या चहाच्या डब्याशेजारी.

१२ जुलै

बशीतलं खाणं रोज सकाळी संपलेलं असतं. कथबर्टचा कुत्रा असणार. मालकासारखाच, दुसऱ्याच्या वाफ्यावर डोळा.

लीक मात्र अशी वाढते आहे की मलाच तिच्याकडे बघवत नाही. यंदा गोगलगायींचा त्रास नाही. कथबर्टच्या लीकची पानं चाळण झाली आहेत. तो उचलून उचलून दुसरीकडे ठेवतो. मी काही बोललो नाही, पण शीळ घालत गेलो.

रोझलिंडने दोरीपाशी खुंट्यावर कॅमेरा लावला आहे, हालचाल झाली की आपोआप चालू होणारा. मला कोणी विचारलं नाही. मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने आत जाईन.

१७ जुलै

मागची बाजू माझ्या समजुतीप्रमाणे नव्हती.

आज सूपच्या वेळी रोझलिंडने सगळ्यांना कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. अंधुक उजेड. काहीतरी मोठं, गोल, मागच्या बाजूने रुंद, गवतातून सरपटत जातंय. मधेच थांबतं, कमरेवर हात ठेवतं.

"बिज्जू," रोझलिंड म्हणाली. म्हणजे रात्री बिळातून बाहेर पडणारा तो जाडजूड, पट्टेरी तोंडाचा प्राणी.

"बिज्जूच," कथबर्ट म्हणाला. "म्हातारा नर. चालण्यावरून कळतं. गुडघे गेलेत बिचाऱ्याचे."

"बिज्जू हेजहॉगला खातो ना गं?" कोणीतरी विचारलं.

"हा नाही खायचा," रोझलिंड म्हणाली. "हा बिअर पिणारा दिसतोय. बघा, हातात बाटली आहे. म्हणजे, बाटलीसारखं काहीतरी."

सगळे खूप हसले. हेटीसुद्धा हसली, स्टॉटी वाटता वाटता. मीही हसलो, सुटकेचं. ही माणसं निसर्गाच्या नावाने पत्रकं काढतात आणि यांना बिज्जू आणि माणूस यातला फरक कळत नाही. कॅमेरा रोझलिंडने काढून नेला. म्हणाली, बिज्जूलाही थोडा एकांत हवा.

२ ऑगस्ट

दोरीच्या आत, मी रांगत जातो त्याच वाटेवर, कोणीतरी जुनी उशी टाकली आहे. स्वच्छ, गुडघ्याखाली अगदी बेताची. वाऱ्याने उडून आली असावी. अभ्रा ओळखीचा वाटला, पण गावातल्या निम्म्या घरांत क्लबचेच अभ्रे आहेत. वापरतो आहे. गुडघे बरे आहेत.

२९ ऑगस्ट

दोन लीक अशा झाल्या आहेत की जणू जोडी म्हणूनच जन्माला आल्यात, आणि प्रदर्शनात जोडीच मांडायची असते. पांढरी मान सरळ, पानं एकमेकींवर नीट बसलेली, कुठे डाग नाही. वडिलांची थाळी जिंकणारी जोडी मी लहानपणी पाहिली होती. ही तिच्यापेक्षा मोठी आहे. हे मी बिअर न पिता लिहितोय.

कथबर्ट दोरीबाहेर उभा राहून बराच वेळ बघत होता. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, हेजहॉग. मी म्हटलं, दिवसा दिसत नाही. तो म्हणाला, हो, तेच म्हणतो मी.

९ सप्टेंबर

आता लिहावं की नाही कळत नाही. पण ही वही माझी आहे आणि ती कोणी वाचणार नाही.

शुक्रवारी उपटायच्या म्हणून आज पहाटे मुळाशी किती मोकळी माती आहे ते चाचपायला गेलो. प्रदर्शनाला लीक मुळांसकट लागते, मुळांची लांब दाढी धुऊन विंचरून मांडावी लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी माती सैल करून, खालून हात घालून, अख्खा चर हलवून ती बाहेर काढावी लागते. मी जोडीच्या मधल्या गवताखाली हात घातला.

गवत उबदार होतं.

मग ते फुरफुरलं. बोटाला काहीतरी टोचलं. मी हात मागे घेतला आणि गवत जरासंच बाजूला केलं. आत काट्यांचा मोठा गोळा, आणि त्याच्या पोटाशी चार छोटी, जेमतेम काटे फुटलेली, डोळे मिटलेली. आई माझ्याकडे बघत होती. पळाली नाही, गुंडाळलीही नाही. नुसती बघत होती.

मी गवत होतं तसं ठेवलं. उशीवर बसून राहिलो. बशीतलं खाणं कथबर्टचा कुत्रा खात नव्हता तर.

घरी येऊन पत्रक वाचलं, पहिल्यांदाच शेवटपर्यंत. उशिराची पिल्लं असली आणि घरटं हलवलं, तर आई पिल्लं टाकून जाते. कधी कधी खाऊनही टाकते.

घरटं बरोबर त्या दोघींच्या मधे आहे. इतका मोठा मळा, एक कोपरा मुद्दाम राखीव, एवढं रानगवत, आणि या बाईला जागा सापडली ती माझ्या जोडीच्या मधे.

११ सप्टेंबर

मला कोणीतरी सांगायला हवं होतं की काही होत नाही, काढ. म्हणून सूपला गेलो आणि रोझलिंडला बाजूला घेऊन विचारलं, "समजा, घरटं आहे, आणि शेजारी जरासं खणलं, तर?"

ती हसली. माझ्या दंडावर हात ठेवला. "एडविन, काढ तू तुझ्या लीक. उद्या सकाळी आम्ही सगळे येतो मदतीला."

"पण नियम..."

"नियम हेजहॉगसाठी आहे. बिज्जूसाठी नाही."

मी म्हटलं, बिज्जूचा काय संबंध? ती म्हणाली, "आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. लेंड्यांना आलुबुखाऱ्याचा वास येत होता. मी तुझी लीक काढून चूक केली होती, मला प्रदर्शनाचं माहीत नव्हतं. कथबर्टने नंतर सांगितलं. मग आम्ही ठरवलं, असू दे दोरी."

"कथबर्टने?"

"आणि उशी मी टाकली," हेटी म्हणाली. ती कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "गुडघे घेऊन रात्रभर कण्हत होतास. मला झोप नको?"

म्हणजे सगळ्या गावाला माहीत. मला सोडून. सगळा उन्हाळा मी त्यांना मूर्ख समजत होतो आणि ते मला... जाऊ दे.

मी म्हटलं, "आता खरंच आहे. खरंच. चार पिल्लं आहेत."

सगळे हसले. अगदी प्रेमाने हसले, तेच जास्त लागलं. कोणीतरी म्हणालं, बिज्जूला चार पिल्लं झाली! मी ओरडलो, शपथेवर सांगतो. कथबर्ट एकटा हसला नाही. म्हणाला, "एडविन, हरायची भीती वाटत असेल तर सरळ सांग रे गड्या. त्यात हेजहॉग कशाला?"

त्यांना नेऊन दाखवता आलं असतं. पण दाखवायचं म्हणजे गवत उचलायचं, दहा माणसांची डोकी तिच्यावर वाकवायची. मी नेलं नाही.

१२ सप्टेंबर

पहाटेपासून फावडं घेऊन चरापाशी बसलो होतो. एकटाच. मदतीला येऊ नका, असं सगळ्यांना दरडावून सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत लीक क्लबमध्ये पोचायला हवी होती.

मनाशी खूप बोललो. ते उंदराएवढे चार जीव आहेत. त्यातले निम्मे हिवाळ्यात मरायचेच. थाळी एकच आहे, जागा एकच आहे, पुढच्या वर्षी क्लब नसेल. वडिलांनी आयुष्यभर ज्या वाणाची काळजी घेतली तो एकदा तरी माझ्या हातून पहिला यावा, एवढीच माझी इच्छा होती. फार नाही मागितलं. हे मी त्या बाईलाही ऐकवलं. गवताखालून फुरफुर ऐकू आली, बस्स.

दुपारी पाऊस आला. मी फावडं शेडमध्ये ठेवलं आणि घरी आलो. हेटीने माझ्या हातांकडे बघितलं. माती लागलेली नव्हती. तिने चहा केला. मला रडू आलं, ते मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

१३ सप्टेंबर

प्रदर्शनाला गेलो. माझं नाव लिहिलेली पाटी टेबलावर, पाटीसमोर रिकामी जागा. लोक पाटी वाचत, रिकाम्या जागेकडे बघत आणि हळूच 'बिज्जू' म्हणत. मी टोपी घालून सगळा वेळ तिथे उभा राहिलो. पळून गेलो असं कोणी म्हणायला नको.

कथबर्ट पहिला आला. पानं चाळण झालेली जोडी, पण बाकीच्यांच्या त्याहून वाईट. थाळी घेताना त्याने भाषण केलं नाही. दर वर्षी करतो आणि त्यात माझं नाव घेऊन टोमणा मारतो. या वर्षी मला तोही मिळाला नाही.

संध्याकाळी मी मळ्यात होतो, बशी भरत. कथबर्ट आला, बगलेत थाळी.

"दाखव," म्हणाला.

"काय दाखवू? तुझा विश्वास नाही ना."

तो दोरीपाशी गुडघ्यांवर बसला. त्याचेही गुडघे गेलेत, बसायला बराच वेळ लागला. अंधारून यायला लागलं तसं गवत हललं आणि ती बाहेर आली. नाक वर करून आमचा वास घेतला, आम्ही खाण्यालायक नाही असं ठरवलं आणि बशीकडे गेली. मचमच आवाज करत खात राहिली. फार असभ्य जेवते.

कथबर्टने हेजहॉगकडे बघितलं. मग लीककडे बघितलं. एकीकडे, मग दुसरीकडे, मग पुन्हा पहिलीकडे. आयुष्यभर हेच करत आलेला माणूस, त्याला मोजपट्टी लागत नाही.

"माझ्यापेक्षा मोठ्या आहेत," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"मग सांग जाऊन सगळ्यांना. हेजहॉग खरा आहे म्हणून सांग. मला वेड्यात काढताहेत."

त्याने बगलेतली थाळी सारखी केली. मग म्हणाला, "हेजहॉग खरा आहे असं सांगितलं, तर तू का काढल्या नाहीस तेही सांगावं लागेल. मग त्या केवढ्या होत्या तेही विचारतील. मग मी ही थाळी घेऊन कुठे जाऊ?"

असा आहे कथबर्ट. आयुष्यभर असाच. मी त्याला सांगितलं, थाळी घेऊन खड्ड्यात जा. तो उठला, उठायलाही मीच हात दिला, आणि गेला.

२८ सप्टेंबर

पिल्लं आता बाहेर येतात. चारही आहेत. सर्वांत लहान आहे ते बशीत पाय घालून उभं राहतं आणि बाकीच्यांना खाऊ देत नाही. त्याचं नाव मी कथबर्ट ठेवलं आहे.

लीक संपल्या. मानेला चिरा पडल्या, पानांवर तांबेरा आला. जोडीतली एक फुलावर यायला ठेवणार आहे. दुसरी सूपमध्ये जाईल. रोझलिंडला सांगितलं, पिल्लं गेली की तूच काढ. ती म्हणाली, "कुठली पिल्लं रे?" आणि डोळे मिचकावले. मी म्हटलं, बिज्जूची.

२ ऑक्टोबर

कथबर्टची स्मरणशक्ती गेली आहे. आता हे मी गमतीने लिहीत नाही.

पहाटे मळ्यात गेलो तर माझी बशी दोरीबाहेर पालथी घातलेली. आणि तिच्या जागी, गवतात, थाळी. ती थाळी. चांदीचं पाणी दिलेली. काठोकाठ मांजराच्या खाण्याने भरलेली, आणि पाच हेजहॉग तिच्यावर तुटून पडलेले. छोटा कथबर्ट मधोमध उभा.

मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, थाळी विसरलास मळ्यात.

"हो का?" तो म्हणाला. "असेल." आणि दार लावून घेतलं. वयच झालंय. त्याच्या मुलीला कळवायला हवं का, असं मी हेटीला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, आपल्याकडे मांजर नाही म्हणाली होती तेव्हा बघितलं होतं तसंच, आणि म्हणाली, "नको. त्याला काही झालेलं नाही." बायकांना लीकमधलं काही कळत नाही.

थाळी धुतली. काठावरून बोट फिरवलं. जोसेफ गॉलंड. मग ती सगळी कथबर्टं. शेवटची जागा रिकामी आहे. यंदाचं नाव कोरायला तो विसरला. क्लबने कोरणाऱ्याची व्यवस्था केली होती, फक्त थाळी नेऊन द्यायची होती, तेवढंही झालं नाही त्याच्याच्याने.

आठवण करून द्यायला हवी. देईन. पण सध्या पिल्लांना तिची सवय लागली आहे, आणि पत्रकात लिहिलंय की खाण्याचं भांडं सारखं बदलू नये. पिल्लं हिवाळ्यासाठी निघून गेली की मग बघू. तोवर रोज सकाळी मी ती धुऊन ठेवतो, आणि ती रिकामी जागा जरा जास्त वेळ घासतो.